मार्गारेट, गुलाबराव आणि 'तुमचं मराठी किती छान!'

ट्रॉम्बे गावठाणात एखादी मार्गारेट हमखास भेटते. ईस्ट इंडियन, घरात मराठीची खास तिथली बोली, लग्नात मराठी गाणी. पण नाव सांगितलं रे सांगितलं की समोरचा थेट हिंदीत सुरू होतो. नाहीतर वरचं वाक्य! ऑफिसात हे इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं.

म्हणून या नावाची कुंडलीच मांडू. फ्रेंचमध्ये ते 'मार्गरित', आणि मार्गरित म्हणजे पांढऱ्या पाकळ्या नि पिवळ्या मध्याचं डेझीसारखं फूल. पण मूळ अर्थ फुलाचा नाहीच. ग्रीक 'मार्गारितेस' म्हणजे मोती, आणि ग्रीकांनी तो शब्द इराणी भाषांकडून उचलला असं मानतात. फ्रेंचांनी मोत्याचं नाव फुलाला दिलं. त्यावरूनच इंग्रजीत मार्गारेटची लाडाने 'डेझी' झाली. काही कोशकार हा शब्द आपल्या 'मंजरी'शीही जोडतात. मोह होतो, पण तेवढ्यावर भांडण जिंकायचं नाहीये मला.

(याच फुलाची एकेक पाकळी तोडत फ्रेंच पोरं 'ती माझ्यावर प्रेम करते का' ते मोजतात. पायऱ्या पाच, 'थोडंसं'पासून वेडापर्यंत आणि शेवटी 'मुळीच नाही'. म्हणजे पाकळ्या भागिले पाच, बाकी किती? प्रेमातला मॉड्युलो ऑपरेटर :) )

आता सांगा, मोत्याचं नाव फुलाला देणं आपल्याला परकं आहे? मोगऱ्याच्या टपोऱ्या जातीला आपण 'मोतिया' म्हणतोच की.

पोर्तुगीजमध्येही 'मार्गारिदा' हे नाव आणि फूल दोन्ही. 1534 मध्ये वसईचा मुलूख त्यांच्याकडे गेला, त्यानंतर इथल्या कोळी, कुणबी, आगरी घरांतून लोक ख्रिस्ती झाले. नावं बदलली, माणसं इथलीच राहिली. 'ईस्ट इंडियन' हे लेबल तर 1887 चं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हाचं. गोवा-मंगळूरकडच्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथले मूळचे, हे दाखवायला घेतलेलं. आणि गंमत बघा, त्याच लेबलमुळे लोक विचारतात, 'म्हणजे कलकत्त्याचे का?'

उलट गुलाबराव घ्या. फारसी 'गुल' म्हणजे फूल, 'आब' म्हणजे पाणी. शब्दशः गुलाबपाणीराव! त्यांना कुणी म्हणतं का, की अहो, तुम्ही मराठी किती छान बोलता? फेटा बांधला की फारसी चालतं, क्रॉस घातला की ग्रीक खुपतं.

पुढच्या वेळी कुणी मार्गारेट भेटली तर सरळ मराठीत बोला. आणि तिची बोली तुम्हाला कळली नाही, तर ती मराठी नाही असं समजू नका. मालवणी तरी पहिल्या फटक्यात कुठे कळते?