कर्जत-खालापूर : फ्रीज भरलेला, पण ओळखीची बिअर गायब, साधी बाटली गेली कुठे?

कर्जत : हळदीचा कार्यक्रम ठरला की मांडववाला, डीजे आणि मटणाच्या जोडीला पेट्यांचीही यादी होते. आपल्या भागात हे कोणी लपवत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी या यादीत फोस्टर्स असायची, हेवर्ड्स असायची, थोड्या वयस्कर मंडळींसाठी लंडन पिल्सनर म्हणजे ‘एलपी’ असायची. आज नेरळ, कर्जत, चौक किंवा खोपोलीच्या दुकानात जाऊन ही नावे घेतली तर बहुतेक वेळा मान नकारार्थी हलते. फ्रीज मात्र रिकामा नाही. किंगफिशर स्ट्राँग, टुबॉर्ग, बडवायझर मॅग्नम आणि वरच्या कप्प्यात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी महागड्या परदेशी नावांच्या छोट्या बाटल्या.

लोक म्हणतात कंपनी बंद पडली. तसे झालेले नाही. कंपन्या जोरात आहेत, बाटल्या तेवढ्या बदलल्या.

आधी मालक कोण ते पाहू. फोस्टर्स १९९८ मध्ये भारतात आली, औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) वाळूजमध्ये तयार व्हायची. २००६ मध्ये तिचा भारतातला धंदा सॅबमिलर या कंपनीने घेतला. हेवर्ड्स मूळची शॉ वॉलेसची, तीही सॅबमिलरकडेच गेली. २०१६ मध्ये सॅबमिलरच बेल्जियमच्या एबी इनबेव्हने विकत घेतली. या एबी इनबेव्हची स्वतःची बडवायझर आणि कोरोना आहे. घरात स्वतःचा मुलगा असताना दत्तक आलेल्याला कोण पुढे करणार? नफा ज्या बाटलीत जास्त, तिचीच जाहिरात, तिचेच फ्रीज, तिचीच स्कीम. फोस्टर्सचे तर ऑस्ट्रेलिया या तिच्या मायदेशातही फारसे चालत नाही.

एलपीची गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या जवळची. ही मुंबईची बिअर म्हणून ओळखली जायची, पुढे ती किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजकडे गेली. कल्याणी ब्लॅक लेबल, सँडपायपर, झिंगारो हीसुद्धा याच घरातली. या कंपनीचा कारखाना पनवेल तालुक्यात तळोजा एमआयडीसीत आहे, म्हणजे माल रायगडातच बनतो. २०२१ पासून कंपनीचा ताबा नेदरलँड्सच्या हायनेकेनकडे आहे. साहजिकच किंगफिशर आणि हायनेकेन पुढे, बाकीची भावंडे मागच्या बाकावर.

खालापूर तालुक्यातल्या जुन्या माणसांना आणखी एक नाव आठवेल. खोपोलीची मोहन रॉकी स्प्रिंगवॉटर ब्रुअरीज. ओल्ड मंकच्या बाटलीवर खोपोलीचे नाव वाचून कित्येकांना अभिमान वाटायचा. त्याच मोहन मिकीन घराण्याची गोल्डन ईगल ही बिअर किंगफिशरच्या आधी देशात जोरात खपायची. आज ती आपल्याकडे मागितली तर पंचविशीतला पोरगा विचारेल, हे काय नवीन?

म्हणजे देशातल्या बिअरचा बहुतेक बाजार युनायटेड ब्रुअरीज, एबी इनबेव्ह आणि टुबॉर्गवाली कार्ल्सबर्ग या तीन घरांत वाटला गेला. यांच्यात स्पर्धा तरी खरी होती का, हाही प्रश्नच आहे. किमती आपसात ठरवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी आणि कार्ल्सबर्गला सुमारे १२१ कोटींचा दंड ठोठावला. एबी इनबेव्हने आधीच सगळे उघड केले म्हणून तिला दंडातून सूट मिळाली. दुकानात बारा नावे दिसली तरी मालक तीनच असतील, तर गिऱ्हाईकाची निवड म्हणजे नावापुरतीच.

पण सगळा दोष कंपन्यांवर टाकून चालणार नाही. दुकानदाराचे गणित बघा. बिअरला मुदत असते, साधारण सहा महिन्यांची. दारूची क्वार्टर वर्षभर कपाटात राहिली तरी बिघडत नाही, बिअरचे तसे नाही. पेटी पडून राहिली तर ते पैसे गेले. त्यात फ्रीजची जागा मोजकी, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. आठवड्याला दोन बाटल्या खपणारा ब्रँड कोण ठेवणार? शिवाय प्रत्येक ब्रँडच्या लेबलला राज्य उत्पादन शुल्क विभागाची दर वर्षी मंजुरी लागते, फी भरावी लागते. कमी खपाच्या बाटलीवर हा खर्च कंपनीलाच परवडत नाही. मग ती एखाद्या वर्षी लेबल नव्याने करत नाही आणि ती बाटली राज्यातून गुपचूप निघून जाते. तिची बातमी होत नाही, जाहिरात होत नाही.

आपल्या दोन तालुक्यांत त्यात फार्महाऊसची भर आहे. कर्जतला लोकल येते, खालापूरला एक्स्प्रेसवे आहे, २०१३ पासून इमॅजिका आहे, पावसाळ्यात धबधब्यांवर गर्दी. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत जो माल उचलला जातो तो मुंबई-पुण्याच्या खिशातून. त्या गिऱ्हाईकाला एलपी नको असते, त्याला थंड कॅन नाहीतर छोटी महागडी बाटली हवी. दुकानदाराला त्यात दोन पैसे जास्त सुटतात. सोमवार ते गुरुवार येणारा गाववाला मग उरलेल्यातून निवडतो. यात दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही, फ्रीज त्याच्या बापाचा नाही, बऱ्याचदा कंपनीने दिलेला असतो.

आता खरा मुद्दा. गायब झालेल्या नावांवर नीट नजर टाकली तर लक्षात येईल, त्यात माईल्ड म्हणजे सौम्य आणि स्वस्त बाटल्याच जास्त आहेत. राहिल्या त्या एकतर स्ट्राँग, नाहीतर महाग. हे आपोआप झालेले नाही.

आपल्या राज्यात कायद्याने बिअर आणि दारू यात फरक केला आहे. बिअर आणि वाईन प्यायला वयाची अट २१, कडक दारूला २५. म्हणजे बिअर सौम्य आहे हे सरकारला मान्य आहे. पण दरात तो फरक कुठे आहे? ६५० मिलीच्या माईल्ड बाटलीत पाच टक्के धरले तर साधारण ३२ मिली अल्कोहोल. आठ टक्केवाल्या स्ट्राँगमध्ये ५२ मिली. आणि व्हिस्कीच्या १८० मिली क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांनी ७७ मिली. बाटली दोनशेच्या आसपास धरली आणि क्वार्टरही दोनशेच्या आसपास, तर दिवसभर राबून आलेला मजूर काय उचलेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. त्याला चव नको असते, त्याला चढायला हवी असते. म्हणून देशातही खपणाऱ्या बिअरपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास स्ट्राँगच आहे.

सरकारलाही हे दिसले होते. दर वाढल्याने बिअरचा खप आणि त्यातून येणारा महसूल घटतोय म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने अभ्यास गट नेमला. तेव्हा ‘बिअर स्वस्त करणारे सरकार’ म्हणून टीकाही झाली. पण त्या वादात बिअर महाग राहिली तर माणूस दूध पितो की देशी, हे कोणी विचारले नाही.

पुढे १० जून २०२५ ला मंत्रिमंडळाने विदेशी मद्याचे शुल्क वाढवले. उत्पादन खर्चाच्या तिप्पट होते ते साडेचारपट झाले. १८० मिलीचे किमान दर ठरले : देशी ८० रुपये, धान्यापासून बनणारी नवी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८, विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. बिअर आणि वाईनला या वाढीतून वगळले. वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा सरकारचा हिशेब. बिअरला वगळले हे बरे झाले, पण परत येणाऱ्या गिऱ्हाईकाला फ्रीजमध्ये भेटते ती स्ट्राँग. आणि ज्याच्या खिशात शंभरच आहेत त्याला ८० रुपयांची देशी आहेच. ८० ते २०५ या शिडीवर सौम्य पेयाला पायरीच ठेवलेली नाही.

देशीच्याही खाली एक पायरी आहे, तिच्यावर दर लिहिलेला नसतो. हातभट्टी. वाडी-पाड्यावर मोहाची दारू पूर्वीपासून आहे, ती वेगळी गोष्ट. पण कॅनमधून येणारी, काय मिसळले हे कोणालाच माहीत नसलेली दारू वेगळी. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत अशा दारूने शंभरावर माणसे मेली. बहुतेक सगळी हातावर पोट असलेली.

गावातल्या बायकांना हा सगळा हिशेब फालतू वाटेल, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही. त्यांच्या दृष्टीने कुठलीच बाटली नको. दुकान बंद करायचे तर ‘आडवी बाटली’ची तरतूद आहे, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, एकूण महिला मतदारांच्या. कामाला बाहेरगावी गेलेली, आजारी असलेली, लग्न होऊन गेली तरी यादीत नाव राहिलेली, सगळ्या त्यात धरल्या जातात. तेव्हा ते सोपे नाही. आणि दुकान राहणारच असेल तर त्यात सगळ्यात कडक तेच सगळ्यात परवडणारे का, हा प्रश्न त्यांनीही ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

शेवटी पुन्हा हळदीचा हिशेब. २०२५-२६ साठी साधारण भाताचा हमीभाव २३६९ रुपये क्विंटल आहे. बारा बाटल्यांची पेटी, बाटली दोनशेला, म्हणजे २४०० रुपये. एक क्विंटल भात, एक पेटी बिअर, वर तीस-एकतीस रुपये पदरचे. दहा पेट्यांची हळद म्हणजे दहा क्विंटल, एखाद्या लहान शेतकऱ्याचे विकायचे सगळे भात त्यात गेले. म्हणून आता बऱ्याच मांडवांत पाहुण्यांसमोर दोन पेट्या दिसण्यापुरत्या असतात आणि मागच्या बाजूला क्वार्टरचे बॉक्स. पोरांच्या हातात लवकर जातात ते मागचेच.

१ एप्रिलला परवान्यांचे नवे वर्ष सुरू होते, आपल्याकडे लग्नसराईही तेव्हाच तेजीत येते. लेबल नव्याने झाले नाही तर ती बाटली त्या हंगामात दिसणार नाही. फ्रीजमध्ये नाव दिसले नाही तर दुकानदाराशी हुज्जत घालून उपयोग नाही. त्याच्याकडे तिची बिलटीच आलेली नसते.