कैद्यांचा धर्म मोजतात, मार खाणाऱ्यांचा का नाही?

कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये देशात चोऱ्या कमी झाल्या. लोक घरात होते, त्यामुळे हे साहजिकच. एनसीआरबीच्या 2020 च्या अहवालात महिलांवरील नोंदलेले गुन्हेही 8.3 टक्क्यांनी घटलेले दिसतात. पण त्याच वर्षी दलितांवरील गुन्ह्यांच्या नोंदी 45,961 वरून 50,291 वर गेल्या. वाढ 9.4 टक्के. आदिवासींच्या बाबतीत 9.3 टक्के. म्हणजे रस्ते सगळ्यांसाठी बंद झाले, जुलूम मात्र सगळ्यांसाठी थांबला नाही.

मग आपल्या बिरादरीचं काय? एप्रिल 2020 मध्ये तबलीगी जमातच्या निमित्ताने ‘कोरोना जिहाद’ हा शब्द मोबाईलवर फिरला. देशात ठिकठिकाणी मुस्लिम भाजीवाल्यांना गल्लीत येऊ दिलं नाही, काहींना मारहाण झाली. पुढे 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याची शक्यता बोलून दाखवली. आरोपींना न्याय मिळाला. पण मार खाल्लेल्या भाजीवाल्यांची संख्या किती? ती कुठल्याच तक्त्यात नाही.

दलित-आदिवासींसाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, म्हणून त्यांची वेगळी नोंद होते. पीडिताच्या धर्माचा रकाना एनसीआरबीच्या गुन्हे अहवालात नाही. तुरुंगांच्या अहवालात मात्र कैद्यांचा धर्म छापला जातो.

अमेरिकेत 1973 पासून सरकार घरोघरी जाऊन विचारतं, तुमच्यावर गुन्हा घडला का, पोलिसांकडे गेलात का? त्यात वंशाचीही नोंद होते. म्हणून लॉकडाऊनमध्ये काळ्या आणि गोऱ्या लोकांच्या वाट्याला काय आलं, हे तिथे तपासता येतं. आपल्याकडे अशी पाहणी व्हावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत निदान तक्रार तरी नोंदवा. धाटावच्या एमआयडीसीतला परप्रांतीय मजूर असो की रोह्याच्या बाजारातला फेरीवाला, ‘जाऊ दे, पोलीस-कोर्टाची झंझट नको’ असं आपण सगळेच म्हणतो. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत मोफत मिळणं हा आपला हक आहे. ठाण्यात घेतलीच नाही, तर अलिबागला जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने लेखी पाठवा. पोचपावती जपून ठेवा. जे कागदावर नाही, ते उद्या ‘घडलंच नाही’ म्हणून सांगितलं जाईल.