दाखल्यावर न्यूमोनिया, मुळाशी भूक



या वर्षावासात अकोट तालुक्यातील एका विहारात ग्रंथवाचन संपल्यावर लहान मुलांच्या आरोग्याचा विषय निघाला. मेळघाटातील बालमृत्यूंवर आम्ही बोलत असताना मागे बसलेली एक भगिनी उठून म्हणाली, "भाऊ, दवाखान्याच्या कागदावर तं निमोनिया लिवते. मंग तुमी त्याले कुपोषण काऊन म्हनता?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. ते आज सविस्तर देतो.

अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. १९९३ साली तेथील कोरकू लेकरांच्या मृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या. पुढे उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, समित्या आल्या, योजना आल्या. पण एक वाद कायम राहिला. कागद म्हणतो न्यूमोनिया, हगवण, ताप. आणि माय म्हणते, घरात दाणा नव्हता. खरे कोणाचे? विज्ञान सांगते, दोघांचेही. पण आधी भूक, मग न्यूमोनिया.

हे कसे घडते ते पाहू. आपल्या छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. बाळपणी ती मोठी असते, वय वाढते तशी लहान होते. ती कशासाठी आहे हे जगाला १९६१ पर्यंत नीट ठाऊकच नव्हते. त्या वर्षी जॅक मिलर या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवले की प्रतिकारशक्ती उभी राहण्यासाठी ही ग्रंथी लागते. हाडांच्या मगजात जन्मलेल्या काही पेशी येथे येऊन तयार होतात. त्यांना टी-पेशी म्हणतात. रोगजंतू ओळखणे, रोग झालेल्या पेशी मारणे आणि इतर पेशींना कामाला लावणे ही त्यांची कामे.

ही तयारी पोलिस भरतीहून कडक असते. शंभर पेशी आत गेल्या तर पाचही बाहेर पडत नाहीत. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या मरतात. ज्या आपल्याच शरीरावर उठतात त्यांनाही मरण्याचा हुकूम होतो. बाहेर पडलेल्या पेशींनाही जगण्यासाठी शरीराकडून सारखा निरोप यावा लागतो. असा एक निरोप पोचवणाऱ्या रसायनाचे नाव आहे इंटरल्युकिन-सात. रोग आला की टी-पेशी लाखोंनी वाढतात. रोग गेला की त्यातल्या बहुतेक शांतपणे मरतात आणि थोड्या आठवण ठेवून राहतात. तोच रोग पुन्हा आला तर त्या लवकर धावतात. असे ठरवून येणारे पेशींचे मरण शरीराच्या भल्याचेच आहे.

पण भुकेल्या लेकराच्या अंगात हा हिशेब बिघडतो. अन्न कमी पडले की शरीर संकटात असल्याची वर्दी देणारे कॉर्टिसॉल हे द्रव्य रक्तात वाढते. थायमसमधल्या शिकाऊ पेशींना ते सोसत नाही. गिरणी तोट्यात गेली की आधी बदली कामगार घरी बसवतात, तसा प्रकार येथे होतो. शिकाऊ पेशी झपाट्याने मरतात, ग्रंथी सुकून जाते आणि नवी फौज तयार होणे थांबत येते. मग साधा खोकला छातीत उतरतो, साधी हगवण जीवघेणी होते. गोवर आला तर तो उरलेल्या आठवणीच्या पेशीही मारतो आणि पुढचे कित्येक महिने लेकरू दुसऱ्या रोगांपुढे उघडे पडते. डॉक्टर न्यूमोनिया लिहितात तेव्हा ते खोटे लिहीत नाहीत. ते शेवटचे पान लिहितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांच्या मागे कुपोषण असते.

ही गोष्ट बाळाच्या ताटापासून सुरू होत नाही, मायच्या ताटापासून होते. आफ्रिकेतील गाम्बिया देशात पावसाळ्याचे दिवस उपासमारीचे असतात. तेथील एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. या हंगामात जन्मलेल्या तान्ह्या बाळांची थायमस ग्रंथी लहान आढळली आणि त्यांच्या मायांच्या दुधात तोच जगण्याचा निरोप, इंटरल्युकिन-सात, कमी आढळला. मेळघाटातही पावसाळाच सर्वांत वाईट असतो. घरातले धान्य सरते, रस्ते तुटतात, माय शेतावर राबते. हंगामात हेच कोरकू मजूर आपल्या वऱ्हाडातील गावांत कामाला उतरतात. व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली काही गावे तर आता अकोट तालुक्यातच वसली आहेत. म्हणून हा दूरच्या डोंगराचा प्रश्न नाही, आणि आपल्या वस्तीतल्या रोजंदारीवाल्या घरांना तो चुकलेला आहे असेही नाही.

मायला विश्रांती आणि अन्न हवे हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कारखान्यातील स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभ विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. शेतावरच्या मजूर मायला मात्र भरपगारी रजा आजही मिळत नाही. तेव्हा जे मिळते ते तरी सोडू नये. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण आहे. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये आहेत. अंगणवाडीत नाव नोंदवा आणि आपल्या हक्काचे मागून घ्या.

घरात करण्यासारखेही पुष्कळ आहे. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, पाणीसुद्धा नको. नंतर दूध चालू ठेवून वरण, खिचडी, अंडे, शेंगदाणे. सहा महिन्यांपुढच्या लेकराचा दंड अंगणवाडीत पट्टीने मोजून घ्या; घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लगेच दवाखाना गाठा. सुकलेले लेकरू कुरकुर करत नाही आणि "त्याले भूकच लागत नाही" असे माय सांगते, तेव्हा ते शहाणे झाले असे समजू नका. तो धोक्याचा इशारा आहे. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर एकदा आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसऱ्यांदा टोचून घ्या. गोवराला 'माता' म्हणून अंगारा लावत बसणे आपल्याला शोभत नाही.

आणखी एक. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात डॉक्टरांनी कुपोषित मुलांची थायमस ग्रंथी सोनोग्राफीने तपासली. खाऊपिऊ घातल्यावर वजन साधारण महिन्याभरात सुधारले, पण ग्रंथी भरायला दोन महिने लागले. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रातून लेकरू घरी आले, गाल भरले, की काम संपले असे मानू नका. आतली फौज अजून अर्धीच असते. पुढचे दोन महिने खाणे आणि औषध चुकवू नका.

आळवी नगरीतील गरीब शेतकऱ्याची कथा आपण विहारात ऐकतो. हरवलेला बैल शोधून तो थकला-भागला, उपाशीपोटी आला. भगवंतांनी प्रवचन थांबवून ठेवले, त्याला आधी जेवू घालायला लावले आणि मग धम्म सांगितला. भूक हा रोग आहे हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी जाणले होते.

त्या भगिनीला आमचे उत्तर हेच आहे. बाई, कागदावरचा न्यूमोनिया खरा आहे. पण त्याच्यासाठी दार भुकेने उघडले होते. ते दार बंद करणे सरकारचे काम आहे आणि ते त्याच्याकडून करवून घेणे आपले.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!