विमानतळावर विचारायचे कुणाला?

विमान आता केवळ श्रीमंतांचे राहिले नाही, असे आपण वारंवार ऐकतो. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. सांबऱ्याचा विमानतळ 1942 साली ब्रिटिश हवाई दलाने बांधला. सामान्य बेळगावकराने तो कित्येक वर्षे रस्त्यावरूनच पाहिला. 2017 मध्ये तेथे नवी इमारत उभी राहिली, 2019 मध्ये ‘उडान’ योजनेतील विमाने सुरू झाली आणि सुट्टीवर येणारे जवान, मुलाखतीला निघालेले पदवीधर, लेकीकडे जाणाऱ्या आया तेथे दिसू लागल्या. तिकीट आवाक्यात आले, पण विमानतळाची धास्ती मात्र गेली नाही.

ही धास्ती आकाशाची नव्हे, जमिनीवरची आहे. आपला बस स्टँड पाहा. धूळ, गर्दी, गाडीचा भरवसा नाही. तरीही खेड्यातली आजी तेथून एकटी प्रवास करते. पाटी वाचता आली नाही तर ती शेजाऱ्याला विचारते, चहावाल्याला विचारते. मराठीत विचारले काय, कन्नडमध्ये विचारले काय, उत्तर मिळतेच. विमानतळावर थंडगार हवा असते, चकचकीत फरशी असते. विचारायला माणूस तेवढा नसतो.

आमच्या शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणासाठी विमानाने निघाल्या. डिंकाच्या लाडवांसाठी सुके खोबरे बरोबर घेतले होते. तपासणीत ते काढून ठेवले गेले. का, ते कुणी सांगितले नाही. चार माणसांदेखत पिशवी उपसली गेली, याचेच त्यांना अधिक वाईट वाटले. वास्तविक नियमाला कारण आहे. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालात मोडते. हे एक वाक्य काकूंना त्यांच्या भाषेत आधी कळले असते, तर खोबरे घरीच राहिले असते आणि मानही राहिला असता.

सुरक्षेचे नियम सैल करा, असे माझे म्हणणे नाही. ते समजावून सांगा, एवढेच मागणे आहे. पॉवर बँक मोठ्या सामानात चालत नाही, ती जवळच ठेवावी लागते. कात्रीचे नेमके उलट. सामान घेणारा काउंटर बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या 60 मिनिटे आधी बंद होतो. नवख्याला हे कसे ठाऊक असणार? आणि तिकिटावरचा बारीक मजकूर इंग्रजीत!

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ग्राहकाचा विचार करायला शिकवतात. रांगेत थांबणाऱ्या माणसाच्या मनाविषयी डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये लिहिले, की किती वेळ थांबायचे हे ठाऊक नसले आणि कारण कळले नाही, तर तेवढाच वेळ अधिक लांब वाटतो. म्हणजे विलंबाइतकाच मौनाचाही त्रास असतो.

विमानतळांवरील घोषणा आधी स्थानिक भाषेत, मग हिंदी व इंग्रजीत व्हाव्यात, अशी सूचना केंद्र सरकारने डिसेंबर 2018 मध्ये दिली. पण जे विमानतळ घोषणा बंद करून ‘सायलेंट’ झाले होते, त्यांना ती लागू नव्हती. गोंगाट कमी झाला हे चांगलेच. परंतु ज्याला पडदा वाचता येत नाही, त्याच्यासाठी तो विमानतळ मुकाच झाला.

उपाय महागडे नाहीत. तिकिटाबरोबर प्रवाशाच्या भाषेत एक पानभर माहिती द्यावी. दाराशी ‘मला विचारा’ असा बिल्ला लावलेला, तेथील भाषा जाणणारा एक माणूस उभा करावा. विमानाला उशीर झाला तर कारण आणि नवी वेळ सांगावी. एका कागदाचा खर्च तो किती? चुकलेल्या विमानाचे तिकीट मात्र गरिबाची महिन्याची कमाई घेऊन जाते.

आणि कंपन्यांची वाट कशाला पाहायची? आपल्या महाविद्यालयाच्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. तसाच दोन्ही भाषांतला एक कागद आपण विद्यार्थ्यांनी मिळून तयार केला, तर पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या कितीतरी काकूंचा प्रवास सुखाचा होईल. सुरुवात करण्यास आपली वर्गखोली पुरेशी आहे.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष