क्रीडासंकुलाचा खरा हिशेब

पुण्याच्या पश्चिमेस म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारण्यात आले. सुमारे दीडशे एकरांच्या परिसरात धावमार्ग, जलतरण तलाव, नेमबाजी केंद्र, टेनिस व बॅडमिंटनच्या सोयी आणि खेळाडूंसाठी निवासव्यवस्था एकत्र आहे. २००८ मध्ये येथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा भरल्या. २०१९ मध्ये ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धा झाल्या. २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल करंडकाचे सामने झाले. या यादीचा महाराष्ट्राला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या वास्तूचे मोल केवळ अशा यादीवरून ठरवता येत नाही.

स्पर्धा पंधरवड्यात आटोपतात. वास्तू मात्र पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. बांधकामाचा खर्च एकदा झाला की झाला. देखभालीचा खर्च मात्र वापर होवो वा न होवो, दरवर्षी करावाच लागतो. माँट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचे कर्ज फिटण्यास २००६ साल उजाडले. अथेन्समधील २००४ च्या ऑलिंपिकची कित्येक क्रीडांगणे पुढे ओस पडली. तेव्हा संकुलाची जागा भाड्याने देऊन चार पैसे मिळवले, तर त्यात गैर काही नाही.

तथापि भाड्याची पावती हा हिशेबाचा एकच रकाना झाला. एखाद्या जागेचा एक वापर पत्करताना जो दुसरा वापर सोडून द्यावा लागतो, तोच तिचा खरा खर्च, असे अर्थशास्त्र सांगते. २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकांत मावळ मतदारसंघाची मतमोजणी याच संकुलात झाली. पहिल्या वेळी मे महिना सरत आला होता, दुसऱ्या वेळी जून नुकताच लागला होता. मतमोजणी हे आवश्यक राष्ट्रीय कार्य आहे, याबद्दल वाद नाही. परंतु शाळांच्या सुट्टीचे दिवस ते हेच. जून २०२१ मध्ये मान्यवरांच्या ताफ्यातील मोटारी धावमार्गावर उभ्या असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि क्रीडा प्रशासनाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. प्रसंग लहान खरा; पण संकुलावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याने उघड केला.

या प्रश्नाचे उत्तर २०२४ मध्ये पॅरिसहून मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक जिंकल्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या पदरात वैयक्तिक ऑलिंपिक पदक पडले. कुसळे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि बालेवाडीत त्याने सराव केला. खेड्यातील मुलाला साधने, मार्गदर्शन आणि राहण्याची जागा मिळाली तर काय होते, याचा हा पुरावा आहे.

असे असले तरी प्रबोधिनीत निवड होते ती मोजक्यांची. उरलेल्यांचे काय? बालेवाडीपासून साठेक किलोमीटरवर आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द हे गाव आहे. येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. म्हणजे तांत्रिक शिक्षण गावाच्या दारी नेणे शासनाला अशक्य नव्हते. परंतु याच गावातील एखादी शाळकरी मुलगी चपळ धावत असेल, तर पहाटे एसटीने बालेवाडी गाठून सराव करणे आणि शाळेच्या वेळेला परतणे तिला कदापि शक्य नाही. तिच्यासाठी हे संकुल वर्षातून एकदाच, म्हणजे सुट्टीत, आणि तेही निवासाची सोय मिळाली तरच, खुले होऊ शकते.

यावर असे म्हटले जाईल की, श्रेष्ठ दर्जाची साधने श्रेष्ठ खेळाडूंसाठीच राखली पाहिजेत. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु निवडीचे क्षेत्र जितके अरुंद, तितकी श्रेष्ठ खेळाडू सापडण्याची शक्यता कमी, हेही तितकेच खरे. शिखर उंच हवे असेल तर पाया रुंद असावा लागतो.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. संकुलातील कोणती जागा किती दिवस कोणत्या कामासाठी वापरली गेली, याचा तपशील दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. एप्रिल-मे महिन्यांतील काही आठवडे ग्रामीण तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या निवासी शिबिरांसाठी राखून ठेवावेत. मतमोजणीसारख्या कामासाठी त्यातले दिवस द्यावे लागले, तर तेवढे दिवस दिवाळीच्या सुट्टीत भरून द्यावेत. आणि भाड्याच्या उत्पन्नातील निश्चित हिस्सा गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर खर्च व्हावा. यांपैकी एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही; लागतो तो केवळ निर्णय.

संकुलाच्या वार्षिक हिशेबात एक रकाना अवसरी खुर्दसारख्या गावांतून आलेल्या मुलामुलींच्या संख्येचाही असला पाहिजे. तो रिकामा राहिला, तर राज्याच्या पैशाने उभे राहिलेले हे संकुल व्यवहारात पुणे शहराचेच राहील.