बारा गुंठ्यांची आगगाडी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे लावून माणूस मोरीत शिरला, की पहिला तांब्या डोक्यावर घेताना तो कोणाचाही विचार करीत नाही. करूही नये. सणाच्या दिवशी एवढी बेफिकिरी माणसाला शोभते. पण मी पडलो लातूरचा रहिवासी. तो पहिला तांब्या हातात घेतला, की माझ्या मनात प्रश्न येतो: हे पाणी कोणाच्या शेतातले? आणि पाठोपाठ थोरल्या बंधूंचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो.

आमचे घर दोन गावांत वाटले गेले आहे. दादा नांदेडजवळ गोदाकाठी, विष्णुपुरीच्या फुगवट्यावर वडिलार्जित शेती करतात. केळी, हळद, थोडा ऊस. मी नोकरीच्या निमित्ताने लातुरात आलो आणि इथलाच झालो. २०१६ च्या उन्हाळ्यात आम्हां दोघांवर एकाच वेळी प्रसंग आला. इकडे मांजरा धरण आटले आणि मी घागरी घेऊन रांगेत उभा राहिलो. तिकडे नांदेड शहराला प्यायला पाणी राखून ठेवायचे म्हणून माणसे आली आणि नदीकाठच्या मोटारींची वीज तोडून गेली. दादांची केळी घडासकट वाळली. म्हणजे एका भावाचा नळ कोरडा आणि दुसऱ्याची बाग कोरडी! एका आईच्या दोन लेकरांत भांडण लावायला दुष्काळाला याहून जास्त काय लागते?

त्या वर्षीच्या दिवाळीत दादा आमच्याकडे आले होते. फराळ करता करता म्हणाले, “शहराला पाणी द्यायचं, हे कबूल. तहानलेल्याला नाही म्हणायला आम्ही काय राक्षस आहोत? पण किराणा दुकानातून पावशेर साखर नेली तरी कोणी पावती देतो. माझं पाणी नेलं, त्याची पावती कुठं आहे?”

मी गप्प बसलो. चिवड्याचा घास तोंडात होता ही सबब पुरेशी नव्हती. तेव्हापासून मी या पावतीचाच विचार करतो आहे. आज तो वाचकांपुढे मांडतो. सणाच्या दिवशी हिशेबाची वही कशाला, असे कोणी म्हणेल. तर त्याला माझे उत्तर असे, की वहीपूजनही दिवाळीतच करतात.

आधी आमच्या त्या प्रसिद्ध आगगाडीचा हिशेब. मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन निघालेली पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातुरात पोहोचली. दहा वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली; एका खेपेला २५ लाख लिटर. सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून येणाऱ्या त्या गाडीचे छायाचित्र देशभर छापून आले. आम्ही लातूरकरांनी तिला हात जोडले, आणि आजही त्या माणुसकीबद्दल मिरजकरांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकार मानणे निराळे आणि गणित मांडणे निराळे.

लातूर शहराची वस्ती चार लाख धरा. २५ लाख लिटर चार लाखांत वाटले, तर माणशी सहा लिटर येतात. आता दुसऱ्या बाजूने पाहा. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरू. पाटाने सोडले तर याहून अधिकच जाते. हेक्टरी हे पाणी होते २ कोटी लिटर. म्हणजे २५ लाख लिटर पाणी हे हेक्टराच्या आठव्या हिश्शाचे, सुमारे बारा गुंठे उसाचे पाणी झाले! इंजिन, पन्नास वाघिणी, रेल्वेचे वेळापत्रक, पोलीस बंदोबस्त, एवढा सारा खटाटोप करून आपण बारा गुंठ्यांचा ऊस मिरजेहून लातूरला आणीत होतो. आणि ज्या खोऱ्यात तो आणीत होतो, त्याच मांजरेच्या खोऱ्यात साखर कारखान्यांची धुराडी उभी आहेत.

आणखी एक पायरी वर चढू. चार लाख माणसांना दररोज शंभर लिटर पाणी द्यायचे, तर वर्षाला १,४६० कोटी लिटर लागते. हे पाणी ७३० हेक्टर उसाचे. मांजरा धरण पूर्ण भरले, तर त्यात उपयुक्त साठा १७,७०० कोटी लिटरांच्या आसपास असतो. शहराची गरज त्याच्या बाराव्या हिश्शाइतकी. गळती आणि बाष्पीभवन यांच्यासाठी हा आकडा दुप्पट करा, तरी सहावा हिस्सा. मग लातूरला तहान लागली ती पाणी नव्हते म्हणून, की भरल्या वर्षी कोरड्या वर्षाची आठवण कोणी ठेवली नाही म्हणून?

इथे शहरातले माझे शेजारी टाळ्या वाजवतील. “बघा, आम्ही म्हणत नव्हतो? हा सारा ऊसवाल्यांचा प्रताप!” त्यांना मी नम्रपणे सांगेन, की टाळ्या जरा आवरा. महाराष्ट्रात चार टक्क्यांच्या आसपास जमीन व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्यातला दोनतृतीयांशाच्या वर वाटा पितो, असे खुद्द केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने म्हटले होते. हे खरे. पण शेतकरी ऊस का लावतो? उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि नेणारा कारखाना आहे. आमच्या लातूरच्या मोंढ्यात सारा देश डाळ न्यायला येतो. पण २०१७ साली तुरीचे अमाप पीक आले, तेव्हा हमीभाव ५,०५० रुपये असताना शेतकऱ्याला ती त्याखाली विकावी लागली, आणि सरकारी खरेदी केंद्रांवर बारदान नाही म्हणून पोती उघड्यावर पडून राहिली. त्या शेतकऱ्याने पुढच्या पाण्याला ऊस लावला, तर त्याला दोष देणारे आपण कोण? २०१६ च्या पावसाळ्याअखेर मांजरा भरले. २०१७-१८ च्या हंगामात राज्यात १०७ लाख टन साखर झाली, तोवरचा उच्चांक. आगगाडीच्या वाघिणी धुऊन परत गेल्या, आणि आपण पुन्हा पहिल्या पाठापासून सुरुवात केली.

आता अर्थशास्त्राच्या पंडितांकडे वळू. ते म्हणतात, पाणी जिथे जास्त पैसा पिकवील तिथे जावे. शेतातल्या घनमीटरमागे चार पैसे, कारखान्यातल्या घनमीटरमागे चाळीस. मग पाणी कारखान्याकडे वळवण्यात देशाचे हितच नाही का? ऐकायला हे सरळ वाटते. पण या मापाने मोजत गेलो, तर सर्वांत पुढे उभी राहील ती बिअरची बाटली. जायकवाडीच्या पाण्यावर औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगरच्या) मद्यनिर्मितीचे कारखाने चालतात. २०१६ च्या त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाला त्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. पैशाने मोजलेले मोल आणि तहानेने मोजलेले मोल ही दोन मापे आहेत. दुकानदार सोन्याच्या तराजूत जोंधळे मोजीत नाही.

आणि पाणी वळवताना रीत कोणती पाळली गेली? २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला बसवले आणि शेतीला तिसऱ्या पंगतीत. मंत्र्यांच्या समितीने धरणाधरणांतले सिंचनाचे पाणी शहरांना आणि कारखान्यांना वाटले. ज्या कालव्यावरून ते उचलले, तिथल्या शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. ओरड झाल्यावर २०११ साली शेती पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर आली. पण त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून आधीचे वाटप पक्के करून घेतले. सिंचन बुडाले तर हेक्टरी ठरावीक दराने ‘सिंचन पुनर्स्थापना खर्च’ भरावा, असाही नियम केला होता. नियम चांगला. पण तो पैसा भरायचा सरकारदरबारी! ज्याचे पाणी गेले, त्याच्या हाती त्यातली कवडी पडायची नाही. वासरू हरवले एकाचे आणि नुकसानभरपाई कोंडवाड्याला, असा हा न्याय.

दादांच्या पावतीचा प्रश्न नेमका इथे आहे. शहरांनी शेतीचे पाणी घ्यावे की नाही, यावर वाद घालण्यात आता अर्थ नाही. शहरे वाढणार आणि पाणी लागणार. वाद आहे तो रीतीचा. हिसकावून घ्यायचे, की मागून, मोजून आणि दाम देऊन घ्यायचे?

हिसकावण्याचा शेवट काय होतो, हे अमेरिकेने पाहिले आहे. लॉस एंजेलिस शहराने ओवेन्स खोऱ्यातल्या जमिनी पाण्यासकट पदरात पाडल्या आणि १९१३ साली तिथले पाणी शहरात आणले. १९२४ साली खोऱ्यातल्या लोकांनी त्या कालव्याला सुरुंग लावला. ओवेन्स सरोवर आटले आणि त्याच्या तळाची धूळ वर्षानुवर्षे उडत राहिली. पुढे त्याच कॅलिफोर्नियात २००३ साली दुसरा करार झाला. सॅन दिएगो शहराच्या पाणीसंस्थेने इंपीरियल खोऱ्यातल्या शेतीला पैसे द्यायचे आणि शेतीने वाचवलेले पाणी शहराने घ्यायचे. तो करारही निर्दोष नाही. शेतातून झिरपणारे पाणी कमी झाल्याने तिथले साल्टन सरोवर आटू लागले. पण पावती तरी फाटली!

आपल्याकडे अशी पावती फाडता येणार नाही का? कागदावर सोय आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात पाण्याचा हक्क ठरवून देण्याची आणि तो हंगामापुरता दुसऱ्याला देण्याचीही तरतूद केली. त्याच वर्षी पाणीवापर संस्थांचा कायदा झाला. मग एक साधा हिशेब करून पाहू. हा माझा घरगुती हिशेब आहे, कोणत्या अहवालातला नव्हे. दुष्काळाची चाहूल लागताच मांजरेच्या लाभक्षेत्रातल्या ७३० हेक्टरांवरील शेतकऱ्यांना शहराने म्हणावे: यंदा ऊस लावू नका, तूर-हरभरा करा, तुमचे वाचलेले पाणी आम्ही घेतो आणि हेक्टरी २ लाख रुपये देतो. खर्च येईल १४ कोटी ६० लाख. चार लाख लोकांत वाटला, तर माणशी वर्षाला ३६५ रुपये. दिवसाला एक रुपया! गळतीपोटी दुप्पट धरा, दोन रुपये. त्या उन्हाळ्यात मी स्वतः एका टँकरला हजारावर रुपये मोजले आहेत, आणि तेही हात जोडून.

मात्र या कराराला तीन अटी हव्यात. पहिली, पैसा शेतकऱ्याच्या खात्यावर थेट जावा आणि करार आधी व्हावा. बाग वाळल्यावर नव्हे. दुसरी, त्यातला एक हिस्सा भूमिहीनांचा. ऊस गेला तर सालगड्याचे आणि तोडकऱ्याचे काम जाते, आणि त्याच्या नावावर ना जमीन ना पाणी. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीच्या नव्हे, घरातल्या माणसांच्या मोजदादीने वाटले, भूमिहीनालाही वाटा दिला आणि त्या पाण्यावर ऊस मना केला. एका खेड्याला जे सुचले, ते सबंध राज्याला का सुचू नये?

तिसरी अट आम्हां शहरवाल्यांसाठी. आम्ही वापरलेले बरेचसे पाणी गटारात जाते. लातुरात ते नाल्याला मिळते, नांदेडात गोदामाईच्या पदरात. नागपूरचे सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. मग आमचे सांडपाणी शुद्ध होऊन उद्योगाला किंवा शेताला परत का जाऊ नये? उसने घेतलेले भांडे घासून परत करावे, हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवले आहे.

उजनीचे पाणी लातूरला आणा, ही मागणी जुनी आहे. आले तर मी नको म्हणणार नाही. पण तेही कोणा दादांच्याच शेतातून येईल, आणि सोलापूरकडचा एखादा शेतकरी आपल्या लातूरच्या धाकट्या भावाला हाच प्रश्न विचारील. नळ लांबवल्याने प्रश्न लांबतो, सुटत नाही.

गेल्या खेपेला दादांना हा सारा हिशेब वाचून दाखवला. त्यांनी तो बोटांवर पुन्हा करून पाहिला. त्यांचा माझ्या शिक्षणावर पूर्वीपासून फारसा विश्वास नाही. मग म्हणाले, “दिवसाला एक रुपया? अरे, मग आजवर कोणी विचारलं कसं नाही?”

याचे उत्तर माझ्याकडे नाही. ते नगरपित्यांनी द्यावे, मंत्र्यांनी द्यावे. आणि नळाला पाणी आले की ते कुठून आले हे न विचारणाऱ्या माझ्यासारख्यांनीही द्यावे. यंदा दादांना पहाटेच्या अभ्यंगस्नानाला बोलावले आहे. पहिला तांब्या त्यांच्या डोक्यावर मी घालणार आहे. पाणी त्यांचेच आहे. निदान घरात तरी त्याची पोच मिळाली पाहिजे.