आजोबांची वही आहे, पण वाचणार कोण? पिंपरी कॅम्पाने ज्यूंकडून काय शिकावे

पिंपरी कॅम्पात खरेदीला जाणाऱ्या अनेकांना ‘कॅम्प’ हे नाव कुठून आले, ते ठाऊक नसते. 1947 च्या फाळणीत अख्खा सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. तिथून आलेल्या सिंधी कुटुंबांसाठी पिंपरीत निर्वासितांची छावणी उभी राहिली. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 ची, एमआयडीसी 1962 ची. म्हणजे उद्योगनगरीच्या आधी इथे छावणी होती. आता ती पाहिलेली पिढी झपाट्याने कमी होते आहे.

अडचण नेमकी काय?

त्या पिढीने सिंधी शिकली ती अरबी वळणाच्या, 52 अक्षरांच्या लिपीत. ब्रिटिशांनी ही लिपी 1853 मध्ये ठरवून दिली होती. व्यापाऱ्यांच्या वह्या बहुधा खुदाबादी या वेगळ्याच लिपीत असत. नातवंडे मात्र देवनागरी आणि इंग्रजीत शिकली. त्यामुळे घरात आजोबांची वही किंवा पत्रे जपलेली असली, तरी ती वाचता येत नाहीत.

ज्यूंनी काय केले?

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पूर्व युरोपातील शेकडो गावांतल्या ज्यू वस्त्या संपवल्या. वाचलेल्यांनी पुढे गावागणिक स्मृतिग्रंथ लिहिले. त्यांना ‘यिझकोर’ ग्रंथ म्हणतात. त्यांत आठवणीतून काढलेले नकाशे, शाळा-बाजाराची वर्णने आणि मारल्या गेलेल्यांच्या याद्या असतात. भाषा मुख्यतः हिब्रू आणि यिडिश. अमेरिकेत वाढलेल्या नातवंडांना त्या येत नव्हत्या. म्हणून ‘ज्यूइशजेन’ या वंशावळ संस्थेने 1994 मध्ये भाषांतराचा प्रकल्प सुरू केला. स्वयंसेवक आणि देणग्यांच्या बळावर प्रकरणामागून प्रकरण इंग्रजीत येत गेले. आज कुणीही आपल्या पणजोबांचे गाव मोबाइलवर शोधू शकतो.

मराठीलाही हा अनुभव परका नाही. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांत नातवंडे हिब्रू वाचतात, पण आजोबांची मराठी पत्रे त्यांना वाचता येत नाहीत.

एआय हे करणार नाही का?

काही प्रमाणात करेल. पण वंशावळीत सर्वांत महत्त्वाची असतात नावे, आणि यंत्र अडते ते नेमके तिथेच. हिब्रूत बहुतेक स्वर लिहीत नाहीत. एकच अक्षर कुठे ‘प’ तर कुठे ‘फ’ होते. सिंधीच्या अरबी लिपीतही ऱ्हस्व स्वर सहसा गाळतात. ‘म’ आणि ‘ल’ एवढेच लिहिले असेल, तर ते मल, मिल की मुल, हे माणूस ओळखणाराच सांगू शकतो. खुदाबादीला युनिकोडमध्ये जागा मिळाली 2014 मध्ये, आपल्या मोडीबरोबरच. त्यामुळे ती टाइप करता येते. पण जुन्या वहीतले घाईचे हस्ताक्षर त्याने सुटत नाही. अनेक सिंधी आडनावांत ‘आणी’च्या आधी मूळ पुरुषाचे नाव असते. ते चुकले, तर वंशावळ दुसऱ्याच घरात जाते.

मग करायचे काय?

भाषांतराच्या आधी वाचन हवे. घरातल्या ज्येष्ठाने वही मोठ्याने वाचावी, नातवाने ती फोनवर रेकॉर्ड करावी आणि प्रत्येक पानाचा फोटो काढावा. नावे आणि गावे त्यांच्यासमोरच देवनागरीत लिहून घ्यावीत. मराठी किंवा इंग्रजी भाषांतर नंतर सावकाश होऊ शकते. पण वाचणारा गेला, तर काहीच होत नाही.

हे काम फक्त घरांवर सोडणेही बरोबर नाही. सिंधीला 1967 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण तिच्यामागे उभे राहील असे राज्य नाही. ती जबाबदारी ज्या शहरांनी या माणसांना सामावून घेतले, त्यांच्यावरच येते. चाकण पट्ट्यात जर्मन, जपानी, कोरियन कागदपत्रांना दुभाषे मिळतात, कारण त्यांचे पैसे देणारी कंपनी असते. आजोबांच्या वहीला असे गिऱ्हाईक नाही. महापालिकेने एखाद्या वाचनालयात स्कॅनर, टेबल आणि आठवड्यातून एक दिवस लिपी जाणणारा माणूस दिला, तरी सुरुवात होईल. तेवढा खर्च या शहराला जड नाही. वेळ मात्र थोडा आहे: छावणीत दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे.